खिडकीच्या पोटातली काठी

जाळीताईला खरं नाव होतं, पण ते फक्त सरकारी कागदांवर आणि दवाखान्याच्या फायलीत चालायचं. बाकी सगळा गाव तिला जाळीताई म्हणे. लाकडाच्या बारीक काड्या एकमेकींच्या खाचांत अडकवून, एकही खिळा न मारता, ती खिडक्यांच्या जाळ्या करी. वय छप्पन्न. केस पांढरे झाले होते, पण त्यात कायम भुसा अडकलेला असल्यामुळे ते नक्की किती पांढरे हे कुणालाच सांगता येत नसे.

रस्त्याच्या वळणावर तिचा कारखाना होता. कारखाना म्हणजे आपली एक लांबट खोली. उजव्या भिंतीला तिचं टेबल, करवती, पटाश्या आणि रंधे. डाव्या कोपऱ्यात नवऱ्याचं शिलाई मशीन. नवरा शिंपी. दोन धंदे एका खोलीत नांदायचे म्हणजे भुसा कपड्यांवर आणि दोरे लाकडाला चिकटणारच, आणि त्यावरून दिवसातून एकदा तरी वाजणारच. पण ते भांडण जेवणातल्या मिठासारखं होतं. नसतं तर दोघांनाही चुकल्यासारखं झालं असतं.

दारापाशी बाकावर तिचे वडील बसलेले असत. चौऱ्याऐंशी वर्षांचे. डोळे जवळजवळ गेलेले, हात मात्र शाबूत. गावात नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की जसे कोपऱ्यावरचे डॉक्टर, तसं नुसतं 'मिस्त्री' म्हटलं की हे. निम्म्या गावाची दारं-खिडक्या त्यांच्या हातची. त्यांनी काम सोडून नऊ वर्षं झाली होती, तरी रस्त्यानं जाणारा माणूस त्यांच्यासमोर चालीचा वेग कमी करी.

मिस्त्रींच्या घराण्यात एक रीत होती. नवी इमारत हाती घेतली की पहिल्या दिवशी तिची काठी कापायची. वीतभर लांब, कधी बोटभर जास्त, कधी बोटभर कमी. जागा, मालक, हाताशी आलेलं लाकूड, सगळं बघून मिस्त्री ती लांबी ठरवी, आणि एकदा ठरली की त्या इमारतीत दुसरं माप शिरायचं नाही. दार इतक्या काठ्या उंच, इतक्या रुंद. भिंत इतक्या काठ्या जाड. बाक, कोनाडा, जिन्याची पायरी, सगळं त्याच काठीनं, आणि सगळं पूर्ण. अर्धी काठी, पाव काठी हा प्रकारच नाही. "अपूर्णांक हा आळशी मिस्त्रीचा सोबती," असं बाबा म्हणत. या हट्टाचा फायदा असा, की खिडकीची खालची कड आणि कपाटाची वरची कड न सांगता एका रेषेत येई, जाळीचा मध्य दाराच्या मध्याशी जुळे. आत येणाऱ्याला यातलं काही कळत नसे. त्याला फक्त बरं वाटे, आणि तो उगाच पाच मिनिटं जास्त बसे.

काम संपलं की काठीच्या टोकाला त्या इमारतीची खूण कोरायची आणि कारखान्यातल्या फळीवर टांगून ठेवायची. पुढं वीस-तीस वर्षांनी काही मोडलं, तर तीच काठी खाली काढायची आणि तिच्या मापानं नवा तुकडा करायचा. काठी म्हणजे त्या इमारतीचा जन्माचा दाखला. आणि ती हरवली तर? तर मिस्त्रीनं त्या इमारतीला परत हात लावायचा नाही. परक्या मापाचा तुकडा आत घातला की घराचा ताल बिघडतो, तो बिघडवणारे हात आपले नकोत, असा हा सोवळेपणा.

आता ज्या गोष्टीबद्दल जाळीताई कधी बोलत नसे, ती सांगायलाच हवी. ती एकोणीस वर्षांची असताना एका दुपारी तिनं लाकूड चिकटवायचा सरस वितळवायला शेगडीवर भांडं ठेवलं आणि ती जेवायला मागच्या घरात गेली. आईशी कशावरून तरी गप्पा रंगल्या. शेगडीजवळ भुश्याचा ढीग होता. परत आली तेव्हा खोलीत धूर होता, लोक बादल्या घेऊन धावत होते, आणि काठ्यांची फळी भिंतीवरून खाली आली होती. कुणाला इजा झाली नाही. छप्पर वाचलं, हत्यारं वाचली. काठ्या जळाल्या. एकूण एक्केचाळीस.

बाबा तिला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यांनी राख गोळा केली, भिंतीला चुना मारला आणि चौथ्या दिवशी काम सुरू केलं. पण त्यानंतरच्या नव्या काठ्या त्यांनी कारखान्यात टांगल्या नाहीत. त्या घरात, त्यांच्या पलंगाखाली राहू लागल्या. मापाचं काम बाबा एकट्यानं करू लागले, आणि तिच्याकडं आल्या त्या आखून दिलेल्या काड्या: इथं काप, इथं खाच पाड. तिनं त्याचा अर्थ लावायचा तो लावला. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढं लग्न झालं, नवरा गावातलाच मिळाला आणि मशीन घेऊन इकडेच राहायला आला. दोन मुलं झाली, मोठी झाली, कामाला बाहेर गेली. तिचा हात इतका सफाईदार झाला की लांबून लोक जाळ्या करून घ्यायला येत. पण अधूनमधून कुणीतरी जुन्या घराचा माणूस दारात येई, मिस्त्री, आमची खिडकी मोडलीये, म्हणे, आणि बाबा एकाच आवाजात, एकच वाक्य सांगत: "ती काठी जळाली. काठीशिवाय मी हात लावत नाही." आत रंधा मारताना ते वाक्य तिच्या कानावर पडे. कितव्यांदा, हे मोजणं तिनं सोडून दिलं होतं, असं ती स्वतःला सांगे. सोडलं बिडलं काही नव्हतं. बावीस वेळा झालं होतं.

तेविसाव्यांदा ते वाचनालयाच्या बाईंनी ऐकलं. या बाई ग्रंथपाल होत्या. चष्मा साखळीला, बोलणं तोडून, पण मनानं चांगल्या. वादळात झाडाची मोठी फांदी वाचनालयाच्या मागच्या भिंतीवर आली आणि त्या भिंतीतली एकुलती एक मोठी खिडकी फुटली. चौकट शाबूत राहिली, आतली जाळी मात्र चुरा होऊन खाली पडली. पहारेकऱ्यानं तत्परतेनं तो चुरा झाडून पेटवून दिला. झाडण्याच्या बाबतीत एरवी हा गृहस्थ कधीच तत्पर नव्हता.

"ती काठी जळाली, बाई," बाबा म्हणाले. "काठीशिवाय मी हात लावत नाही."

"मग नाइलाज आहे," बाई म्हणाल्या. "कमिटी सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी बसवायची म्हणतेय. पुढच्या सोमवारी माणूस माप घ्यायला येणार आहे. मला ती जाळी फार आवडायची हो, मिस्त्री. दुपारचं ऊन तिच्यातून टेबलावर यायचं."

बाबांनी मान हलवली आणि रस्त्याकडं तोंड वळवलं. बाई निघाल्या. जाळीताईनं रंधा खाली ठेवला, मागच्या दारानं बाहेर पडली आणि कोपऱ्यावर त्यांना गाठलं.

"बाई, मला सोमवारपर्यंतचे आठ दिवस द्या."

"पण काठी नाही म्हणाले ना मिस्त्री?"

"नाहीच आहे. म्हणून आठ दिवस. असती तर पाच पुरले असते."

बाईंनी तिच्याकडं चष्म्यातून आणि मग चष्म्यावरून पाहिलं. "घ्या," त्या म्हणाल्या.

आता हे धाडस तिनं कशाच्या जिवावर केलं? एका लहानपणच्या खेळाच्या. बाबांच्या टेबलाखाली बसून ती उरलेल्या फळकुटांचे चौकोन कापायची. फळकुटाच्या रुंदीएवढा चौकोन कापून बाजूला काढायचा. उरलेल्या पट्टीतून परत मोठ्यात मोठा चौकोन. परत उरेल त्यातून परत. असं करत करत शेवटी एक छोटासा चौकोन असा यायचा की मागं काहीच उरायचं नाही. आणि गंमत अशी, की त्या शेवटच्या चौकोनाच्या मापानं अख्खं फळकूट भरून निघे, कुठं फट म्हणून नाही. काही फळकुटं मात्र हट्टी असत. कापता कापता नखाएवढा तुकडा राही, तरी संपायचं नाव नाही. ती बाजारातून आलेली असत. जी गुणी होती, ती बाबांनी काठीनं मापलेल्या कामातली होती. हे तिला तेव्हा दिसलं होतं, पण त्याचा उपयोग काय हे कळायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. कोपऱ्यावर उभी असताना कळलं.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली. बरोबर शिडी, चाकू आणि लाकडाच्या बारीक लांब पट्ट्या. दोरी ताणली की वाढते, पट्टी वाढत नाही. एक पट्टी तिनं चौकटीच्या आतल्या उंचीएवढी कापली, एक रुंदीएवढी. रोज पेपर वाचायला येणारे दोन आजोबा पेपर खाली ठेवून बघत बसले. बाई वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवत होत्या.

उंचीच्या पट्टीतून तिनं रुंदीएवढं कापलं. उरलं ते रुंदीच्या पट्टीशी लावलं, तितकं त्यातून कापलं. मोठ्यातून लहान वजा, मोठ्यातून लहान वजा. दोन पट्ट्या आखूड होत गेल्या. चार वेळा कापल्यावर दोन तुकडे हातात आले, दोन्ही वीतभर, जवळजवळ सारखे. जवळजवळ. एकावर एक ठेवले तर दोन बोटांहून थोडं जास्त उरलं. ते कापलं तर आणखी उरलं. शेवटी करंगळीच्या नखाएवढा तुकडा तिच्या तळहातावर राहिला. नखाएवढी काठी कुणी मिस्त्री कापत नाही.

"झालं का?" एका आजोबांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि सगळे तुकडे गोळा करून घरी आली.

तिला फार वाईट वाटत होतं, आणि ते नुसतं काम फसल्याचं वाईट नव्हतं. याचे दोनच अर्थ निघत होते. एक तर तिचा हात चुकला होता. पण पट्ट्या तिनं तीनदा तपासल्या होत्या आणि आपला हात तिला माहीत होता. नाहीतर बाबांनी या खिडकीत अर्धं-पाव चालवून घेतलं होतं. जन्मभर अपूर्णांकाला शिव्या देणाऱ्या माणसानं, तरुण असताना, कुणी बघत नाही असं पाहून. यातलं काय खरं निघावं, हे तिला ठरवता येईना.

संध्याकाळी ती टेबलावर तुकडे मांडून नुसती बसली होती. नवऱ्यानं मशीन थांबवलं.

"काय बिनसलंय? भुश्यावरून मी आज काहीच बोललो नाही, तरी तोंड का असं?"

तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. बाबा दाराशी होते आणि त्यांचे कान तिखट होते. नवऱ्यानं नखाएवढा तुकडा उचलला, उजेडात धरला.

"मला एक सांग," तो म्हणाला. "माप अंगाचं घेतलंस की कपड्यांचं?"

"म्हणजे?"

"अगं, गिऱ्हाईक दोन स्वेटर घालून येतं आणि म्हणतं घ्या माप. मी आधी स्वेटर काढायला लावतो. नाहीतर सदरा गोणपाट होतो. तुझ्या खिडकीनं अंगात काय घातलं होतं?"

तिनं तो तुकडा त्याच्या हातातून काढून घेतला. छप्पन्न वर्षांचं वाचनालय. दर चार-पाच वर्षांनी कमिटी बदले, आणि नवी कमिटी पहिलं काम करी ते म्हणजे रंग. खाली पुट्टी, वर ऑइलपेंट, त्यावर परत पुट्टी. लाकडाला हात लागायला जागाच राहिली नव्हती. चाळीस वर्षं लाकडात घालवून तिनं रंगाचं माप घेतलं होतं, आणि ते एका शिंप्यानं सांगावं!

"तुम्हांला काय अक्कल आहे लाकडातली," ती म्हणाली, आणि उठून त्याच्यासाठी चहा ठेवला.

सकाळी तिनं चौकट खरवडायला घेतली. तीन तास लागले. वर हिरवा, खाली निळा, मग मळकट पिवळा, आणखी एक हिरवा, त्याखाली पुट्टीचा जाड थर. सगळं निघाल्यावर जुनं काळपट लाकूड उघडं पडलं आणि चारही कोपऱ्यांत चाकूनं ओढलेल्या केसासारख्या रेघा दिसल्या. बाबांच्या आखणीच्या रेघा. त्या तिनं कुठंही ओळखल्या असत्या. शेवटाला किंचित डावीकडं वळत, कारण बाबा डावखुरे होते.

नव्या पट्ट्या, रेघेपासून रेघेपर्यंत. उंचीतून रुंदी गेली. रुंदीतून ते उरलेलं गेलं. मग पहिल्या उरलेल्यातून हे दुसरं गेलं. आता एका हातात एक तुकडा होता आणि दुसऱ्या हातात त्याहून मोठा. लहान तिनं मोठ्यावर ठेवला, खूण केली, पुढं सरकवून परत ठेवला. बरोबर दोनदा बसला. मागं काही उरलं नाही. तिनं नख फिरवून पाहिलं, खरंच काही नव्हतं.

त्या लहान तुकड्यानं उंची मोजली: आठ. रुंदी: पाच. मग ती शिडीवरून उतरली आणि वेड लागल्यासारखी वाचनालयभर फिरली. दाराच्या चौकटीवरचा रंग कोपऱ्यांत खरवडला: उंची दहा, रुंदी चार. भिंतीची जाडी दोन. बाकाची उंची दोन. कोनाडा तीन बाय दोन. मोठं टेबल मात्र कशातच बसेना.

"ते नंतर बाजारातून आणलंय," बाई मागून म्हणाल्या. त्यांनी वही केव्हाच मिटली होती. "अहो, पण हा तर मसावि! मोठ्यातून लहान वजा करत जायचं, शेवटी उरेल तो मसावि. मला शाळेत यात भोपळा मिळाला होता. याचा काही उपयोग असतो हे कुणी सांगितलंच नाही."

जाळीताई बाकावर बसली आणि रडू लागली. बाबांनी अर्धं-पाव केलं नव्हतं. एवढ्या वर्षांत कुणी बघणार नाही अशा कोनाड्यातसुद्धा केलं नव्हतं. शिवाय काठी परत आली होती, एक्केचाळिसांतली एक. आजोबांनी पेपर जरा वर धरले, तोंडं झाकतील इतके.

जाळीची नक्षी वाचनालयात टांगलेल्या एका जुन्या फोटोत होती, पण पुढं कमिटीची अकरा डोकी होती. डोक्यांच्या मधल्या फटींतून तिनं नक्षी काढून घेतली: काठीभर चौकोनात आठ पाकळ्यांचं एक फूल. म्हणजे पाच आडवी, आठ उभी, चाळीस फुलं. मग पाच दिवस करवत चालली. बाबा दाराशी बसून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान न वळवता विचारलं, "एकाच लांबीच्या कापतेयस. कशाच्या?"

"कपाटाच्या दारांच्या," ती म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले.

रविवारी जाळी खोबणीत बसली. एकदाच ढकलावी लागली. सोमवारी अ‍ॅल्युमिनियमवाला आला, त्यानं टेप काढला, जाळीच्या कडेनं बोट फिरवलं आणि टेप परत खिशात घातला. "इथं माझं काय काम?" तो म्हणाला. मग चहा पिऊन, आजोबांशी पावसापाण्याच्या गप्पा मारून गेला. भला माणूस होता.

त्याच दुपारी ती बाबांना हात धरून घेऊन आली. कशाला, ते सांगितलं नाही. मनात धाकधूक होती. काठीशिवाय हात लावायचा नाही ही रीत तिनं मोडली होती, आणि त्यांच्याशी खोटंही बोलली होती. तिनं त्यांचे हात जाळीवर ठेवले. बाबांची बोटं एका फुलावर थांबली, मग वीत पसरली, मग हात आडवा सरकत गेला. ओठ हलत होते. पाचावर थांबले. मग वर, जितका हात पोचला तितकं.

"काठी कुठं मिळाली?" त्यांनी विचारलं.

"खिडकीतच होती, बाबा."

तिनं त्यांना बाकावर बसवलं आणि चौकटीच्या उंची-रुंदीच्या दोन ताज्या पट्ट्या हातात दिल्या. काय करायचं ते सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. बाबांनी लहान पट्टी मोठीवर ठेवली, अंगठ्यानं शेवट शोधला, चाकू मागितला, कापलं. परत ठेवली. परत कापलं. शेवटचा तुकडा दोनदा बसवून झाल्यावर त्यांचा अंगठा पट्टीच्या टोकावरून पुढं रिकाम्या हवेत गेला आणि तिथंच थांबला.

"काही उरत नाही," ते म्हणाले.

"नाही. तुम्ही कधी अर्धं-पाव केलं असतंत, तर उरलं असतं."

बाबांनी शाबासकी दिली नाही. घरी चल म्हणाले. दोन दिवस ते कुणाशीही बोलले नाहीत, जेवणसुद्धा निम्मं ठेवलं. जाळीताईला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची जन्माची रीत आपण चार पट्ट्यांनी खोटी पाडली. नवरा म्हणाला, "थांब जरा. जुनं कापड आहे, हळू उसवतं." पण त्यालाही काळजी वाटत होती, कारण दोन दिवसांत त्यानं भुश्यावरून तक्रार केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा बूट घालून बाकावर बसले होते. हातात पट्ट्यांची जुडी.

"बेकरीकडं चल," ते म्हणाले.

बेकरी दोन गल्ल्या पलीकडं होती. काठ्या जळाल्यावर दारात आलेला पहिला माणूस हा बेकरीवाला. तेव्हा तो पस्तिशीचा होता. आता सत्तरी ओलांडलेली, कोपरापर्यंत पीठ. दारावरच्या हवेच्या जाळीच्या जागी त्यानं पत्रा ठोकलेला होता आणि आतली गरम हवा तोंडावर येत होती. मिस्त्री स्वतः चालत आलेले पाहून तो गल्ल्यावरून उठला.

बाबांनी बसायला नको म्हटलं. उभ्यानंच बोलले, आणि गिऱ्हाइकं होती तरी आवाज कमी केला नाही.

"तुझी जाळी मोडली तेव्हा तू आला होतास. मी नाही म्हटलं होतं."

"हो, काठी जळाली म्हणालात. किती जुनी गोष्ट! त्याचं काय आता?"

"काठी जळाली होती. माप जळालं नव्हतं. ते तुझ्या दारात होतं, इथंच, आणि मी बघायलाही आलो नाही. तेवीस जणांना असंच परत पाठवलं." बाबांनी पट्ट्यांची जुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ही माझी पोर. सदतीस वर्षं ती समजते की सगळं तिनं जाळलं. मला माहीत होतं ती असं समजते. मी कधी नाही म्हटलं नाही. तिनं लाकडाचे एक्केचाळीस तुकडे जाळले. इमारती मी टाकून दिल्या."

बेकरीवाल्याला कुठं बघावं कळेना. त्यानं हात पुसले, परत पुसले. जाळीताईला आधी राग आला, चांगला कडकडून राग आला, की हे वाक्य घरात कधीतरी, एखाद्या वेळी जेवताना, बोलता आलं असतं. मग तिच्या लक्षात आलं की हे वाक्य सापडायला त्यांनाही तेवढीच वर्षं लागली होती.

"तिथं आता पत्रा आहे हो," बेकरीवाला पुटपुटला. "जाळी बिळी काही राहिली नाही."

"पत्रा निघतो," ती म्हणाली. "चौकट आहे ना खाली?"

चौकट होती. बेकरीवाल्यानं स्वतःच शिडी आणली. तिनं पत्रा काढला, वरचे कोपरे खरवडले, मग, दार आणि जाळी एकाच अखंड चौकटीत असल्यामुळे, खाली येऊन उंबऱ्यापाशी खालचे. भट्टीच्या धुरानं काळ्या झालेल्या लाकडात त्या रेघा होत्या, शेवटाला डावीकडं वळलेल्या. गिऱ्हाइकं बाजूनं पाव घेऊन जात होती. लांब पट्टी घेऊन ती शिडीवर चढली आणि खालचं टोक कोण धरणार म्हणून तिनं मागं पाहिलं.

बाबा पुढं आले होते. दाराची कड चाचपत ते उभे होते, तोंड वर, तिच्या आवाजाच्या दिशेनं.

"कुठं धरू?" त्यांनी विचारलं.

"खाली, डाव्या कोपऱ्यात. रेघेवर."

बाबा कष्टानं गुडघ्यावर बसले, अंगठ्यानं स्वतःची रेघ शोधली आणि पट्टीचं टोक तिच्यावर टेकवलं.

"धरलंय," ते म्हणाले. "तू सांग."